देवळातलं कासव, भीमेतलं कासव

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला इंदापूर तालुका आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. शेजारच्या बारामतीतून कऱ्हा वाहत येते आणि सोनगावाजवळ नीरेला मिळते. 1885 साली नीरा डावा कालवा वाहता झाला आणि या कोरड्या मुलखात ऊस आला. पुढे साखर कारखाने उभे राहिले, द्राक्षं आणि डाळिंबाच्या बागा फुलल्या. आज बाहेरचा माणूस इकडे येतो तो बहुतेक भिगवणचे रोहित पक्षी बघायला, किंवा आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर. मी आले होते ती कासवं बघायला.

पुणे जिल्ह्यात आणि कासवं? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत आहे. 1872 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या, मऊ पाठीच्या कासवाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्यापुढचा नमुना पुण्याचा होता. मुंबई इलाख्यात डॉक्टर असलेल्या अँड्र्यू लीथ यांचं नाव त्यांनी त्या कासवाला दिलं. आज शास्त्रज्ञ त्याला ‘निल्सोनिया लीथाय’ म्हणतात. दख्खन आणि दक्षिण भारतातल्या नद्यांखेरीज जगात ते कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेलं आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावरचं. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे इंदापूरच्या शिवारात येऊन उजनीत थांबतं. म्हणून शोध इथे घ्यायचा ठरवलं.

पुण्याहून सासवडमार्गे बारामतीला जाणारा रस्ता जेजुरीवरून जातो. जेजुरी पुरंदर तालुक्यात असली तरी कासवाच्या वाटेवर ती टाळून चालत नाही. गडावर खंडोबाच्या देवळापुढे सुमारे वीस फूट व्यासाचं, पितळी पत्र्यानं मढवलेलं प्रचंड कासव आहे. त्याच्या पाठीवर तळी भरली जाते आणि भंडारा उधळला जातो. नवी जोडपी त्याच्यावरून चालतात, लहान मुलं बसतात, म्हाताऱ्या बायका हात लावून तो कपाळाला नेतात. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या त्या पाठीवर उभं राहिलं की खाली कऱ्हेचं पठार दिसतं. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरून याच कऱ्हेवर स्नानाला जाते.

देवळातलं कासव एवढं मोठं क्वचितच असतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या देवळांत, विशेषतः महादेवाच्या, ते सभामंडपाच्या फरशीत कोरलेलं असतं, नंदी आणि गाभारा यांच्या मधोमध. देवाकडे जाताना पाय त्याच्यापाशी थबकतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची खूण सांगताना कासवाचा दाखला येतो: ते अवयव आत ओढून घेतं, तशी माणसानं इंद्रियं विषयांपासून आवरावीत. उंबऱ्याआधीचं कासव भाविकाला तीच आठवण देतं. दुसरा धागा कूर्मावताराचा. समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडू लागला तेव्हा विष्णूनं कासव होऊन तो पाठीवर तोलला. त्याहून जुना धागा वैदिक यज्ञाचा आहे. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाची वेदी रचताना तिच्या तळाच्या थरात कासव ठेवण्याचा विधी आहे. पायाशी राहून वरचा भार सहन करणारा जीव, अशी त्याची प्रतिमा हजारो वर्षं टिकून आहे.

मराठी मनाला मात्र याहून जवळचं कासव संतांनी दिलं. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखालीही घेत नाही. ती पैलतीरावरून नुसती बघते आणि तिच्या दृष्टीनंच पिल्लं पोसली जातात, ही कल्पना ज्ञानेश्वरीत आहे आणि तुकोबांच्या अभंगांतही आहे. देवानं भक्ताकडे असं बघावं, एवढंच संत मागतात. अंतर असूनही तुटत नाही अशा मायेला याहून नेमकी उपमा मला माहीत नाही. बारामतीतून पुढे जाताना ती सतत मनात होती, कारण हा सगळा रस्ता तुकोबांच्या पालखीचाच आहे. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला पालखीभोवती होणारं मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटी. सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरेचं स्नान घालतात आणि पालखी नदी ओलांडून अकलूजकडे निघते. कासवीची दृष्टी मागणाऱ्या संताच्या पादुका ज्या नदीत न्हातात, ती नदी खऱ्या कासवांचं घर आहे.

बारामतीत मी कऱ्हेकाठी थोडी रेंगाळले. कवी मोरोपंतांनी आपलं बहुतेक आयुष्य या गावात काढलं. 1794 साली ते इथेच वारले. काशीविश्वेश्वर आणि सिद्धेश्वर ही इथली जुनी देवळं. गावात कासवाबद्दल विचारलं की लोक देवळाकडे बोट दाखवतात, क्वचित घराच्या दारात ठेवलेल्या धातूच्या किंवा काचेच्या कासवाकडे. नदीकडे कोणी बोट दाखवलं नाही. हे मला सर्वांत जास्त लागलं, कारण ज्या समाजानं मूर्ती आणि जिवंत प्राणी यांत अंतर पडू दिलं नाही, असा एक मी पाहून आले होते.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या कुटुंबाबरोबर मी हवाईच्या मोठ्या बेटावर गेले होते. कैलुआ-कोना गावाजवळ कहालुउ नावाचा उथळ उपसागर आहे. तोंडावर काचेचा मुखवटा, दातांत श्वासाची नळी आणि पायांत रबरी पंख घालून लोक तिथे पाण्यावर पालथे तरंगतात. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पाण्यात शिरण्याआधी काठावरच्या स्वयंसेवकांनी नियम सांगितले: प्रवाळावर उभं राहायचं नाही, कासवापासून किमान दहा फूट लांब राहायचं, त्याच्या वाटेत यायचं नाही, ते वर येत असेल तर आपण बाजूला व्हायचं. प्रवाळाला घातक अशी दोन रसायनं असलेली उन्हाची मलमं तर हवाईत 2021 पासून विकायलाच बंदी आहे.

डोकं पाण्यात घातलं की जगाचा आवाज थांबतो, फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. काळ्या लाव्हाच्या खडकावर हिरवं शेवाळ होतं आणि ते खरवडून खाणारं एक हिरवं समुद्री कासव. हवाईच्या भाषेत होनू. त्याची पाठ माझ्या पसरलेल्या हातांत मावली नसती. पिवळे छोटे मासे त्या पाठीवरचं शेवाळ टिपत होते आणि ते मान तिरकी करून निवांत उभं होतं. मग त्यानं पुढचे वल्ह्यांसारखे हात एकदा हलवले आणि सरळ वर आलं, माझ्या शेजारून. पाण्याबाहेर नाक काढून त्यानं श्वास सोडला. तो आवाज मला पाण्याखालूनही जाणवला. दोघंही हवेवर जगणारे जीव, दोघंही श्वासापुरते वर आलेले. ते परत खाली गेलं तरी मी बराच वेळ तिथेच तरंगत राहिले.

त्याच बेटाच्या दक्षिण काठावर पुनालुउ नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. होनू तिथे पाण्याबाहेर येऊन उन्हात पडतात. समुद्री कासवांची अशी ऊन खायची सवय जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. तिथली कथा कौइला या कासवीची आहे. ती मनात आणील तेव्हा मुलीचं रूप घेई, किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांत मिसळे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवी. तिच्या तळ्याच्या तळातून गोड्या पाण्याचा झरा येई, त्यावर गाव जगे. काठावरून लेकरांवर नजर ठेवणारी कासवी! इतक्या दूरच्या बेटावर आपल्या संतांच्या प्रतिमेची सख्खी बहीण भेटावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. काही हवाईयन घराण्यांत होनू हा ‘औमाकुआ’ असतो, म्हणजे प्राण्याच्या रूपात कुटुंबाची राखण करणारा पूर्वज. ‘कुमुलिपो’ या त्यांच्या सृष्टिनिर्मितीच्या स्तोत्रात कासवाच्या जन्माचा उल्लेख आहे, आणि लाव्हाच्या खडकांवर कासवाच्या आकृती कोरलेल्या सापडतात. जुन्या काळी कासव खाण्यावर ‘कापू’ होता, म्हणजे धार्मिक निर्बंध. ते मांस मुख्यतः सरदार-प्रमुखांसाठी राखलेलं असे.

पण नुसत्या श्रद्धेनं होनू वाचले नव्हते, हेही तिथेच कळलं. विसाव्या शतकात जुने निर्बंध सुटले, उपाहारगृहांत कासवाचं मांस विकलं जाऊ लागलं आणि संख्या कोसळली. हवाईतल्या बहुतेक माद्या अंडी घालायला एकाच दूरच्या बेटसमूहावर जातात. त्याचं हवाईयन नाव लालो. 1973 मध्ये जॉर्ज बलाझ या संशोधकानं तिथल्या एका छोट्या बेटावर माद्या मोजल्या, त्या अवघ्या 67 भरल्या. 1974 मध्ये राज्यानं आणि 1978 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं. पुढच्या काही दशकांत संख्या सातत्यानं वाढत गेली आणि आज किनाऱ्यावर उभं राहूनही होनू दिसतात. संकट संपलेलं नाही. 2018 च्या वालाका चक्रीवादळात ते अंडी घालण्याचं बेटच जवळजवळ वाहून गेलं. तरीही पूर्वजांची कथा, संशोधकाची मोजणी, सरकारचा कायदा आणि पर्यटकाला अडवणारा स्वयंसेवक हे चार जण एका बाजूला उभे राहिले की काय होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. कुलदैवतासारखा मानलेला प्राणी तिथे पाण्यातही सुरक्षित आहे.

हेच डोक्यात घेऊन मी भिगवणला आले. बारामतीहून भिगवण पंचवीस-तीस किलोमीटर. पुण्याहून थेट यायचं तर सोलापूर महामार्गानं शंभरएक किलोमीटर. तिथून कुंभारगाव आणि डिकसळ ही उजनीच्या फुगवट्याकाठची गावं अगदी जवळ आहेत. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेलं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याची एकूण साठवण 117 टीएमसी आहे आणि भरल्या धरणाचं पाणी इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांच्या शिवारात पसरतं. त्या पाण्याखाली जुनी गावं गेली. पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन देऊळही गेलं. धरण तळाला पोचलं की त्याचं शिखर आणि मग सगळं देऊळ वर येतं. 2024 च्या कोरड्या उन्हाळ्यातही ते असंच उघडं पडलं होतं. बुडालेल्या गावांच्या दगडी भिंती, चौथरे आणि बांध आता पाणपक्ष्यांची बसायची ठिकाणं झाली आहेत. कासवांचीही.

कुंभारगावला सूर्य वर येता येता नाव सुटली. नावाडी पिढीजात मासेमार. हिवाळ्यात पर्यटकांना पक्षी दाखवायचे, एरवी जाळं. पाण्यात आता चिलापीच जास्त मिळते, असं तो म्हणाला. रोहू, कटला आणि मरळही सापडतात, पण चिलापीवर घर चालतं. लांबवर रोहितांची गुलाबी रांग चिखलात माना घालून उभी होती, त्यांच्यापलीकडे पट्टकदंब हंसांचा थवा. मी कासवाचं नाव काढलं तेव्हा त्याला गंमत वाटली. पक्षी सोडून कासव विचारणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा भेटलं नसावं.

“हाय की. पण ऊन चढू द्या. गारठ्यात वर येत न्हाय ते.”

ऊन चढलं तसं त्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं नाव एका पडक्या भिंतीकडे सरकवली. मग हळूच म्हणाला, “ताई, हात करू नका. नुसतं बघा. सावली पडली तरी आत जातंय.”

भिंतीच्या ओल्या दगडावर कासव होतं. जेवणाच्या ताटाएवढं, तपकिरी-हिरवट, गुळगुळीत. पाठीवर कासवाच्या चित्रात असतात तसे चौकोनी तुकडे नव्हते. हाडाच्या ढालीवर ताणलेली सलग कातडी होती. मान लांब बाहेर, डोळे उन्हाकडे, नाकाचं टोक सोंडेसारखं पुढे आलेलं. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. काही वेळानं हवेत घारीची सावली फिरली आणि ते एका झटक्यात पाण्यात गेलं. थोड्या अंतरावर पाण्याच्या पृष्ठभागावर फक्त नाकाचं टोक आलं, क्षणभर थांबलं, पुन्हा बुडालं. हवाईत मी जी नळी दातांत धरून तरंगले होते, ती निसर्गानं या कासवाच्या तोंडालाच दिली आहे. तळाच्या गाळात अंग पुरून, नुसती मान वर करून ते श्वास घेऊ शकतं.

हे आपल्याकडचं झडपेचं कासव, ‘लिसेमिस पंक्टाटा’. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या झाकल्या जातात आणि मागून वार करायला जागा उरत नाही. तळी, कालवे, विहिरी, नद्या, भातखाचरं अशा कुठल्याही पाण्यात ते राहतं. पाणी आटलं तर चिखलात खोल गाडून घेऊन पावसाची वाट बघतं. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेले जीव हे त्याचं खाणं. मेलेला मासा कुजायच्या आत फस्त करणारा हा प्राणी पाण्याची झाडलोट फुकट करतो. उजनीत तर त्याची गरज मोठी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून या जलाशयात येतं. उन्हाळ्यात पाण्याला हिरवी साय धरते, जलपर्णीचे पुंजके वाऱ्यानं काठाला लागतात.

लीथच्या कासवाचं दर्शन मात्र झालं नाही. ते याच कुळातलं, पण आकारानं दुपटीच्या आसपास वाढणारं. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल नक्षी असते, वय वाढतं तशी ती पुसट होत जाते. मी नावाड्याला त्याचं चित्र दाखवलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की वडलांच्या जाळ्यात असली मोठी कासवं यायची, दोघांनी धरावी लागायची. त्याच्या स्वतःच्या जाळ्यात तशी आलेली नाहीत.

“घावलं तर काय करता?” मी विचारलं.

“सोडतो. देवाचं जनावर हाय. पण जाळं रातभर पाण्यात असतंय. सकाळी बघतो तर कवा कवा मेलेलं असतंय.”

कासव हवेवर जगतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते पाण्यात बुडून मरतं. मऊ पाठीची कासवं घशातल्या आणि अंगावरच्या कातडीतून पाण्यातला थोडा प्राणवायू घेऊ शकतात, पण धडपडीत तो पुरत नाही. रात्री एकदा जाळं पाहून घेणं एवढीच गोष्ट कितीतरी कासवं वाचवू शकते. भीमेकाठची दुसरी मोठी अडचण वाळूची. ही कासवं अंडी घालतात काठाच्या वाळूत नाहीतर मातीत. ती वाळू रात्री चोरून उपसली जाते, प्रशासन बोटी पकडतं, नष्ट करतं, आणि उपसा पुन्हा सुरू होतो. अंडी असलेला काठच निघून गेला तर मादीनं यावं कुठे?

तिसरं संकट आपल्याच घरातून येतं. पाळलेलं कासव भरभराट आणतं, अमुक इतक्या नखांच्या कासवानं पैशांचा पाऊस पडतो, असल्या समजुतींपायी महाराष्ट्रात कासवांची चोरटी विक्री होते. वीस नखांच्या कासवाला लाखोंची बोली लावणारे भोंदू पोलिसांच्या हाती लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, सगळी मिळून बारा. पैसा त्यातून कधी कोणाला मिळालेला नाही. जीव मात्र टोपलीत, पिंपात, काचेच्या पेटीत गुदमरून जातो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आज झडपेचं आणि लीथचं ही दोन्ही कासवं आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. 2022 च्या नोव्हेंबरात पनामाला झालेल्या जागतिक परिषदेत भारताच्या मागणीवरून लीथच्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आली. घरात ठेवलेलं किंवा जखमी कासव आढळलं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवता येतं.

इंदापूर गावावरून, मालोजीराजे भोसल्यांच्या गढीवरून पुढे मी सराटीला नीरेचा काठ पाहिला आणि शेवटी नीरा नरसिंहपूरला पोचले. इथे जिल्हा संपतो. भीमा आणि नीरा यांचा संगम, काठावर उंच घाट आणि वर लक्ष्मी-नृसिंहाचं तटबंदीसारखं भक्कम देऊळ. विंचूरकर सरदारांचं हे कुलदैवत. देवळाच्या आजच्या रूपात त्यांचा मोठा वाटा आहे. प्रल्हादानं नदीकाठच्या वाळूची मूर्ती करून इथे नृसिंहाची पूजा केली, अशी या क्षेत्राची आख्यायिका आहे. संगमावर दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे वाहताना दिसत होते. घाटाच्या खालच्या बाजूला वाळूचा एक पट्टा अजून शिल्लक आहे. वाळूतून देव घडला असं मानणाऱ्या गावात, तीच वाळू कासवाचंही गर्भागार आहे हे सांगायला फार वेळ लागू नये. देवळातल्या एका वयस्क गृहस्थांशी बोलले तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, “मग अंडी कुठे असतात ते आम्हाला ओळखता येईल का?” या प्रश्नानं मला हुरूप आला.

कारण महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या गावी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी सर्रास उकरून नेली जात. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. घरटी कुंपणात सुरक्षित ठेवायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्लं बघायला येऊ लागले, गावातल्या घरांत पाहुण्यांची सोय झाली, आणि अंडी राखणं हे गावाच्या पोटापाण्याशी जोडलं गेलं. आज वन विभाग आणि कोकणातली इतर अनेक गावं तेच काम करतात. भिगवणच्या मासेमारांनी पक्ष्यांच्या बाबतीत याची अर्धी वाट चाललेली आहेच. रोहित टिकले तर पर्यटक येतात, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. त्याच नावेतून, त्याच दुर्बिणीतून कासवही दाखवता येईल. त्यासाठी हिवाळ्यातली उन्हं वर आल्यानंतरची वेळ, बंद इंजिन आणि गप्प प्रवासी एवढंच लागतं. जो तिथे जाईल त्यानं नावाड्याला कासवाबद्दल जरूर विचारावं. मागणी असली की राखणही होते.

संतांच्या प्रतिमेबद्दल एक गोष्ट प्राणिशास्त्र वेगळी सांगतं. कासवाची मादी अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. ती पिल्लांकडे परत बघत नाही. पिल्लं अंड्यांतून निघतात ती एकटी, आणि पाण्याची वाट त्यांची त्यांनाच शोधावी लागते. मला यानं ती प्रतिमा खोटी वाटत नाही, उलट आपल्यावरची जबाबदारी वाढल्यासारखी वाटते. कासवीची दृष्टी ही संतांनी माणसाला दाखवलेली मायेची परिसीमा आहे. ती नदीत आपोआप सापडणार नाही, ती काठावरच्या माणसांनीच ठेवायची आहे. जेजुरीत कासवाच्या पाठीला हात लावणाऱ्यांनी, सराटीला नीरेत उतरणाऱ्या वारकऱ्यांनी, रात्री जाळं टाकणाऱ्या मासेमारांनी, आणि सगळ्यांत आधी, आपलं सांडपाणी भीमेत सोडणाऱ्या आम्हा शहरातल्या लोकांनी. हवाईच्या लोकांनी पूर्वजाला खडकावर कोरलं आणि मग पाण्यातही जपलं. आपण दगडात, पितळेत आणि अभंगात कासव जपलेलं आहेच. आता भीमेतलं जपायचं आहे, आणि त्याची सुरुवात नदीकाठच्या प्रत्येक गावानं आपल्या हद्दीतला एक वाळूचा पट्टा राखण्यापासून करता येईल.